घमेल्यातली पाहुणी

त्या रोपाला काही करायचं नाही, एवढंच मला करायचं होतं. तेवढंच माझ्याच्यानं होत नव्हतं.

काही न करता बसणं मला कधी जमलेलंच नाही. गॅसवर दूध ठेवून मी तेवढ्यात अंगण झाडायला जाते, आणि दूध उतू गेलं की दुधावरच चिडते. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना शिकवून निवृत्त झाले, पण पाय अजून वर्गातल्यासारखे चालतच असतात. "तुह्या पायाले भिंगरी लागली हाय," असं आमचे हे लग्न झाल्यापासून म्हणत आले आहेत. ते पेपर मिलमधून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवसापासून खाटेवर निवांत पेपर वाचायला लागले. हे लोकांना कसं जमतं, मला खरंच कळत नाही.

आमची एकुलती एक मुलगी नर्स आहे. बल्लारपूरहून शिकायला नागपूरला गेली आणि तिथून थेट हिमाचलातल्या एका डोंगराळ गावाच्या दवाखान्यात. कंत्राटी नोकरी, त्यामुळे येईल परत वर्षा-दोन वर्षांत, असं मी स्वतःला समजावत होते. संक्रांतीला ती सुट्टीवर आली तेव्हा बॅगेतून तिनं लोकरीचा एक मोजा काढला. मोज्यात वर्तमानपत्राचा बोळा, आणि बोळ्यात हे रोप.

कोबीचा गड्डा मुठीत मावेल एवढा लहान केला तर कसा दिसेल, तसं होतं ते. जाड, गरगरीत पानं एकात एक गोल रचलेली, टोकं तांबडी. भोवती बारीक देठांवर लोंबणारी चार-दोन पिल्लं. कोरफडीच्या जातीतलं वाटलं मला, पण हे म्हणे बर्फातलं. तिची घरमालकीण दगडी पाट्यांच्या छपरावर पत्र्याच्या डब्यांत ही रोपं लावते. हिवाळाभर ती बर्फाखाली असतात आणि बर्फ वितळला की होती तशी उठतात. त्याचं एक लांबलचक इंग्रजी नाव मुलीनं सांगितलं, मी दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. आम्ही त्याला पाहुणी म्हणायला लागलो.

जायच्या आधी तिनंच ती लहानशा कुंडीत लावली. माती थोडी, खडे जास्त.

"आई, इले रोज पाणी नको घालत बसू. सकाळचं ऊन दे फक्त. बाकी तिचं ती पाहून घेते."

"आन् उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात तं हातच नको लावू."

त्याच दिवशी मी दुसरा विषय काढला. ब्रह्मपुरीला एका खासगी दवाखान्यात नर्सची जागा होती, ओळखीतून शब्द टाकून ठेवला होता. इथून काही लांब नाही, एस.टी.नं सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. तिकडे डोंगरात मात्र तिला कायम करायचं घाटत होतं. ती मान खाली घालून मातीचे हात धूत राहिली आणि म्हणाली, "दिवाळीत आली का सांगीन."

झालं. म्हणजे दिवाळीपर्यंत जीव टांगणीला. ती गेली आणि मी कुंडीसमोर उभी राहून मनाशी पैज लावली, ही जगली तर पोरगी परत येईल. शाळेत आयुष्यभर पोरांना सांगितलं, मांजर आडवं गेलं म्हणून काही होत नसतं. आणि स्वतः हे. पण आईच्या मनाची कोण परीक्षा घेतो? तिथलं काही इथे रुजलं तर तिथे राहिलेली माझी पोरगी इथे का रुजणार नाही, असा माझा सरळ हिशेब होता.

हिवाळा बरा गेला. होळी झाली आणि आमच्याकडचं ऊन सुरू झालं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या उन्हाबद्दल बाहेरच्यांना सांगायला गेलं की त्यांना वाटतं, आम्ही कौतुकानं फुगवून सांगतो. दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देतं, दाराची कडी फडक्यानं धरावी लागते. पाहुणी मिटत चालली. बाहेरची पानं कागदासारखी वाळली, आतली घट्ट आवळून बसली, रंग गेला. मी दिवसातून किती वेळा वाकून पाहत होते ते सांगायलाही लाज वाटते. नवतपा लागला, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, आणि माझा धीर सुटला.

आता आमच्याकडची रीत सांगते. उन्हाळ्यात ज्याच्यावर जीव असतो त्याला आम्ही कूलरसमोर बसवतो. पाहुणा आला, कूलरसमोर. बाळंतीण कूलरसमोर. तापानं फणफणलेला म्हातारा असो की अभ्यासाला बसलेलं पोरगं, कूलरसमोर. जावई येणार असला तर कूलरला वाळ्याच्या ताट्यासुद्धा नव्या बसवतात. माया दाखवायची याहून मोठी पद्धत आमच्या मुलखात नाही. मग बर्फातून आलेल्या लेकराला मी दुसरीकडे कुठे ठेवणार होते?

स्टूल मांडलं, त्यावर कुंडी, आणि समोर कूलरचा झोत. ह्यांना खाट सरकवावी लागली.

"माह्या वाट्याचं वारं तिले देऊन राह्यली तू," हे म्हणाले.

"तुम्ही चंद्रपूरचेच हा. तुमाले काय होते?"

शेजारची बाई कढीपत्ता मागायला आली, तिनं पाहिलं आणि मान डोलावली. "बरं केलं बाई. थंड्या मुलखातलं हाय ते, जीव घाबरला असन त्याचा."

चार दिवसांत पाहुणी खरोखरच फुगली. पानं टरारली. मला इतका आनंद झाला की फोटो काढला, पण मुलीला पाठवला नाही, एकदम दिवाळीतच दाखवू म्हणून. ताट्यांवर पाणी मी दिवसभर चालू ठेवत होते. मग एका सकाळी खालची पानं काचेसारखी पारदर्शक दिसली. बोट लावलं, तर अख्खा गड्डा मुळापासून सुटून हातात आला. खाली काळा चिखल, सडक्या कांद्याचा वास. तशीच, हात न धुता, मुलीला व्हिडिओ फोन लावला.

"कूलरसमोर ठेवली?" ती हसायलाच लागली. मग माझं तोंड पाहून थांबली. "आई, तिले थंडी पायजे असं कोण म्हणलं तुले? तिले कोरडं पायजे. इथी बर्फ पडते, पण हवा कोरडी रायते. गरमीत ती मरत नव्हती, झोपली होती. तू तिले झोपू नाई देलं."

मला राग आला. तिचा, स्वतःचा, आणि त्या घरघरणाऱ्या कूलरचा तर फारच. लहानपणापासून त्या वाऱ्यात मी ह्याच पोरीला निजवलं होतं, तेव्हा कोणी तक्रार केली नव्हती.

"आता पिल्लं पाय," ती म्हणाली. "देठावरची. ती कडक हाय का?"

पिल्लं कुंडीच्या काठावरून बाहेर लोंबत होती, ओल्या मातीपासून दूर. दाबून पाहिली, कडक होती. देठ ब्लेडनं कापले आणि पिल्लं सावलीत वर्तमानपत्रावर सुकत ठेवली. माझा भाऊ गडचांदूरला असतो, तिथे चुनखडीची खाण. त्याला फोन करून बारीक गिट्टी मागवली, कारण मुलगी म्हणाली की चुनखडीत ती सुखानं राहतात. भाऊ पोतं मोटरसायकलला बांधून घेऊन आला आणि विचारलं, "बाई, स्लॅब टाकून राह्यली का?" मी रोपासाठी म्हटलं तेव्हा त्यानं ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी पेपर वर केला.

घर बांधताना उरलेलं एक घमेलं होतं. त्याच्या बुडाला खिळ्यानं ठोकून ठोकून भोकं पाडली. आत गिट्टी, नदीची जाड वाळू, नावाला पालापाचोळ्याचं खत. वर पिल्लं नुसती टेकवली. जिन्याखाली पूर्वेला जागा दिली, जिथे सकाळचं ऊन येतं आणि मग दिवसभर सावली.

आणि मग खरा छळ सुरू झाला. काही करायचं नव्हतं. पिल्लं मिटून तपकिरी पडली, मेल्यासारखी दिसू लागली, आणि मी पाण्याचा मग घेऊन दारापर्यंत जायची आणि परत यायची. हात नुसते शिवशिवत होते. ती झोपली आहेत की मेली आहेत, हे बाहेरून सांगता येत नाही, आणि उकरून पाहावं तर त्यानंच मरायची. मी मोगऱ्याला पाणी घातलं, रातराणीला घातलं, धुतलेलं अंगण पुन्हा धुतलं.

"शाळेत पोराइले काय म्हणत होती तू?" एकदा ह्यांनी खाटेवरून विचारलं. "हाताची घडी, तोंडावर बोट. घाल आता."

मी चिडून मग आपटला, पण घडी घातली. त्या दिवसापासून जिन्यापाशी गेले की हात छातीशी घट्ट बांधूनच उभी राहायची. फोनवरही तेच करायला लागले. जेवली का, स्वेटर घातला का, ब्रह्मपुरीचं काय ठरलं, ही सगळी सरबत्ती ओठांवर यायची आणि मी गिळायची. "बरी हायेस ना?" एवढं विचारून ठेवून द्यायची. नवल म्हणजे त्यानंतर पोरगी आपणहून जास्त बोलायला लागली. दवाखान्यातल्या बायांबद्दल, घरमालकिणीच्या सफरचंदांबद्दल, बर्फातून बाळंतपणाला चालत गेल्याबद्दल. मी ऐकायची. ऐकताना आनंद व्हायचा आणि धास्तीही वाटायची, कारण ती "आमच्या इथी" म्हणायची तेव्हा तिला बल्लारपूर म्हणायचं नसायचं.

पावसाळ्यात घमेल्यावर पत्रा घातला. तरी हवाच इतकी दमट की लोणच्याला बुरशी आली. एक पिल्लू सडलं. मी त्या दिवशी जेवले नाही, आणि ह्यांना माझं डोकं दुखतंय असं सांगितलं. बाकीची टिकली. दसऱ्याच्या सुमाराला हवा कोरडी झाली आणि एका सकाळी पाहते तर ती उघडली होती. पानं भरलेली, टोकं तांबडी, आणि एकीच्या बगलेतून नवा देठ बाहेर डोकावत होता. मी ह्यांना ओरडून बोलावलं. ते खरंच खाटेवरून उठून आले.

पैज मी जिंकले होते. फराळ केला तो त्याच गुर्मीत. मुलीची खोली आवरली, ब्रह्मपुरीच्या ओळखीच्या माणसाला आठवण दिली.

गावच्या बल्लारशा स्टेशनवरून ती घरी आली तर मी तिला बॅगसुद्धा ठेवू दिली नाही. हाताला धरून जिन्याखाली नेलं. ती उकिडवी बसली. एका बोटानं पान दाबून पाहिलं. वर माझ्याकडे पाहिलं तेव्हा डोळे भरले होते.

"आई, आपल्या उन्हात? तू जगवली हे?"

"मी काई नाई केलं," मी म्हणाले. खरंच होतं ते, पण म्हणताना छाती फुगली होती.

ती उठली आणि माझ्या गळ्यातच पडली. खांद्यावर तोंड ठेवून बोलायला लागली. "मी भेऊन राह्यली होती तुले सांगाले. मले कायम केलं तिथी. मी होय म्हणून टाकलं. मले वाटे तू म्हणशीन, परक्या मुलखात माणूस जगत नाई, आपलं माणूस आपल्याच मातीत बरं. पण आता तूच दाखवलं ना. तिथलं इथी जगते, तं इथलं तिथी काऊन नाई जगणार?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. सगळा उन्हाळा, सगळा पावसाळा मी एका गोष्टीचा पुरावा जमवत होते आणि तो पुरावा तिच्या बाजूचा निघाला होता. घमेलं उचलून रस्त्यावर फेकून द्यावं असं एक क्षण खरोखर वाटलं. मग वाटलं, तिच्या आवाजात इतकी खुशी मी शेवटची कधी ऐकली होती? आणि तरीही मला ती इथेच हवी होती. दोन्ही खरं होतं. आजही आहे.

भाऊबीज झाल्यावर ती निघाली. आम्ही दोघं स्टेशनवर गेलो. चिवडा वरच्या कप्प्यात आहे हे सांगायचं होतं, रात्री पाय गरम ठेव हे सांगायचं होतं, आणि जाऊ नको हेही. तिनं सामान बाकाखाली सरकवलं आणि खिडकीपाशी बसली. गाडी हलली तशी फलाटावरची सगळी माणसं हात हलवायला लागली. ह्यांनीही हलवला. मी तेवढी हाताची घडी घालून उभी होते. घडी सोडली असती तर मी खिडकीतून तिचा हात धरला असता.