अष्टकवचाची चिठ्ठी

नंदू गेल्याचा फोन त्याच्या शेजाऱ्यांनी केला. मी भाईंदर पूर्वेला, तो शांती नगरात एकटा, मध्ये रिक्षाने जेमतेम दहा मिनिटांचा रस्ता... आणि माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग होता, हे मला त्याची दवाखान्याची फाइल हातात आल्यावर कळलं. राग आला. महिना उलटला तरी येतोय.

आमचा एक खेळ होता, लहानपणी सुरू झालेला. चाळिशी ओलांडली तरी दर रविवारी त्याच्याकडे चालायचा. तो वहीत एक योद्धा रचायचा, त्याला कवच द्यायचा; ते निकामी करणारी शक्ती मी शोधायची. नियम एकच. प्रत्येक कवचात एक खोट ठेवायची आणि ती आधीच चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायची. मी खोट ओळखली किंवा ‘हरले’ म्हटलं, तरच डबा उघडायचा. त्याच्या काचवीरावर केलेला वार उलटून मारणाऱ्यालाच लागायचा. मी वार केलाच नाही, अंगाई म्हणणारी बाई पाठवली. काचवीर घोरायला लागला आणि नंदू आठवडाभर तोंड फुगवून बसला.

गणपतीनंतर त्याने अष्टकवच नावाचा योद्धा आणला. आठ कवचं, एकावर एक. मी आग पाठवली, नाद पाठवला, भिंतीतून आरपार जाणारी सावली पाठवली. तो नुसती मान हलवायचा. अंगाने उतरला होता. विचारलं तर म्हणाला, डाएट करतोय. दिवाळीच्या तोंडावर त्याने डबा माझ्यापुढे सरकवला.

"ताई, या वेळी हरले म्हणून टाक ना."

"हरते कसली मी! अजून एक रविवार दे."

तो हसला नाही. खिडकीतून मिठागरांकडे बघत राहिला. मला वाटलं, याला जिंकायची घाई झालीय. हट्टी मेली मी... असे आणखी पाच रविवार मागून घेतले.

तेराव्यानंतर खोली आवरताना डबा उघडला. चिठ्ठीवर त्याचं बारीक अक्षर होतं. ‘शत्रू कवच चढवायच्या आधीपासूनच आत होता. ताई, तोंडाने सांगायला जमत नाहीये. पुढचा रिपोर्ट घ्यायला सोबत येशील?’

डबा आता माझ्या ओट्यावर असतो. रविवारी दुपारी मी तो पुढ्यात घेऊन बसते आणि मोठ्याने म्हणते, "हरले रे नंदू." घरातले ऐकून न ऐकल्यासारखं करतात. एवढा एक शब्द तेव्हा माझ्या तोंडून निघाला नाही.