परत मागवलेले रजिस्टर

पुंडलिकनानांची आणि माझी पहिली भेट पहूरच्या बस स्टँडवर झाली. मी पोस्टमन म्हणून हजर व्हायला निघालो होतो. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी माझा नेमणुकीचा हुकूम मागून घेतला. आधी पाकिटावरचा शिक्का वाचला, मग आतला कागद. "शिक्का खरा आहे. चला, मीच तुमचा पोस्टमास्तर," असे म्हणून ते हसले. मला माणूस जरा विक्षिप्त वाटला.

नानांना आता साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या शिस्तीबद्दल या गौरव अंकात इतर मंडळी लिहितीलच. मी एकच प्रसंग सांगतो, कारण तो आठवला की आजही पूजेत माझे मन लागत नाही.

नरडाण्याला नवे कारखाने येणार, अशी तेव्हा हवा होती. एके दिवशी माझ्या थैलीत चार छापील, लांब पाकिटे आली. त्यातले एक माझ्या धाकट्या भावाचे, सुरेशचे. नरडाण्याच्या नव्या कारखान्यात निवड झाली आहे, मूळ प्रमाणपत्रे आठ दिवसांत रजिस्टरने पाठवा, असा मजकूर. आम्ही देवापुढे साखर ठेवली. पत्र खोटे असेल असे मनातही आले नाही. सरकारी टपालातून आलेले, मीच घरी आणलेले पत्र ते!

दुसऱ्या दिवशी मीच खिडकीवर सुरेशच्या नावाने त्याची प्रमाणपत्रे रजिस्टर केली. थैली बांधताना नानांनी पाकीट उचलले.

"भाऊ, कारखाना नरडाण्याला आणि कागद परराज्यात? तेही नुसत्या पोस्ट बॉक्सवर? आलेल्या पाकिटावर शिक्का कुठला होता?"

मी पाहिलाच नव्हता. रोज शेकडो शिक्के पाहणारा मी!

"मग थांबवा ना, नाना."

"मला नाही थांबवता येत. पावती फाडली, आता ते टपाल झालं. पाठवणाऱ्याला मात्र परत मागता येतं. सुरेशला आणा, अर्ज लिहू दे. टपालाच्या बसला अजून तास आहे."

सुरेश आला तो संतापूनच. "नाना, तुमची नोकरी पक्की. मले काय जलमभर कापूसच वेचायले लावता का?"

"शिव्या नंतर दे. नरडाण्याला जाऊन ये. कारखाना दिसला तर मी स्वतः तुझे कागद नेऊन देईन."

त्याने रागातच सही केली.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे जळगावहून गाडीने नरडाण्याला गेलो. मी नामस्मरण करत होतो, पण कारखाना असू दे म्हणून की नसू दे म्हणून, हे माझे मलाच कळत नव्हते. सांगितलेल्या जागेवर बाभळी होत्या. जवळच्या शेडचा वॉचमन म्हणाला, "या आठवड्यात तुम्ही सहावे."

सुरेश सुटला. माझी तगमग तिथे सुरू झाली. उरलेली तीन पाकिटेही मीच वाटली होती. परतलो तसे नानांना सांगितले. त्यांनी सायकल काढली. दोन घरांत कागद अजून घरातच होते. तिसऱ्या घरी अक्का म्हणाल्या, "पोरानं परवाच जळगावून धाडले. पत्र तुम्हीच आणलं व्हतं ना भाऊ, म्हून भरोसा ठेवला."

मला त्यांच्याकडे पाहवेना. नाना ओट्यावर बसले आणि दुय्यम प्रमाणपत्रांसाठी बोर्डाला अर्ज लिहू लागले. पंधरा दिवसांनी अक्कांकडे दुसरे पत्र आले : कागद परत हवे असतील तर पैसे पाठवा. "उत्तरच द्यायचं नाही," नाना म्हणाले.

मी म्हटले, "नाना, असली पत्रं मी द्यायलाच नको होती."

"द्यायचीच. कुणाचं टपाल अडवायचं नाही. पण दारात घटकाभर थांबायचं. कुठून आलं ते वाचून दाखवायचं, आणि ओळखता का, म्हणून विचारायचं."

त्या मुलाला प्रमाणपत्रे मिळायला वर्ष गेले. तोवर कागदांअभावी त्याची एका नोकरीची भरती हुकली. वर्षभर नानांनी बोर्डाला स्मरणपत्रे लिहिली. माझ्या चुकीबद्दल मात्र ते कधी एक शब्दही बोलले नाहीत.

या अंकाचे अक्कांना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "नानाले लय आविष्य मिळो, असं माह्याकडून लिहा." लिहिले आहे. माझेही परमेश्वराजवळ हेच मागणे आहे. नानांना निरोगी, निवांत दीर्घायुष्य लाभो. तगमग तेवढी माझ्याकडे राहू दे.