देव पाण्यात आणि अक्का शेजारी

अक्कांच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि त्या एकमेकींकडे बघत नसत. दोन्हींची तोंडं देव्हाऱ्याकडे. अक्का मानसशास्त्राच्या प्राध्यापिका. निवृत्तीनंतर बेंगळुरूत, जयनगरच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या घरी समुपदेशन करायच्या. ती बैठक पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, इथे भजन असणार. मी विचारलं, "अक्का, आलेला माणूस समोर नको का बसायला?" तर म्हणाल्या, "समोर बसला की माझ्या तोंडाकडे बघतो आणि मला आवडेल ते बोलतो. देवाकडे बघून बोलला की स्वल्प, थोडं तरी, खरं बोलतो. मी आपली शेजारी बसून ऐकते." आणि देव न मानणाऱ्यांचं काय? "त्यांना खिडकी. खुर्ची फिरवायला कितीसा वेळ लागतो?"

मी बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्याच्या कामात खोट काढणं हा माझा पगारी धंदा, त्यामुळे अक्कांच्या या देव-मानसशास्त्र युतीतली खोट शोधायलाही मी टपलेलीच होते. आयुधपूजेला अख्खं बेंगळुरू गाड्यांना हार घालतं. अक्कांनी त्या दोन खुर्च्यांना आणि टिश्यू पेपरच्या खोक्याला हळदकुंकू वाहिलं. मी हसले, तर म्हणाल्या, "माझी हत्यारं हीच की गं, पुट्टी." पुट्टी म्हणजे छोटी. चाळिशीला टेकलेल्या बाईला कुणी असं म्हटलं की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत कानडी कधी शिरायची ते त्यांनाही कळत नसे. एकदा एक गृहस्थ आले आणि अभिमानाने म्हणाले, की झोपेच्या गोळ्या बंद केल्या, आता फक्त जप. अक्कांनी त्यांना असं फैलावर घेतलं की आवाज जिन्यापर्यंत आला. "जप करा आणि गोळीही घ्या. एकीने दुसऱ्याला अडवलेलं मी अजून पाहिलेलं नाही. सरी?" सरी म्हणजे ठीक आहे ना. गृहस्थ "सरी, सरी" म्हणत निघून गेले.

शेवटी मी धीर करून विचारलंच, "अक्का, खरं सांगा. तुमचा विश्वास आहे, की हे सगळं येणाऱ्यांसाठी?" त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या मात्र शांतपणे म्हणाल्या, "सकाळी असतो. दुपारी पातळ होतो. संध्याकाळी दिवा लावते तेव्हा परत येतो. तुझा तुझ्या नोकरीवर रोज सारखा असतो का?"

पण मला अक्का खऱ्या कळल्या त्या आईमुळे. निपाणीहून बाबांना उपचारासाठी इथे आणलं, तेव्हा आईने डब्यातून आपले देवही आणले होते. बाबा अतिदक्षता विभागात गेले आणि आईने देव पाण्यात घातले. आमच्याकडे ही रीतच आहे. संकट टळेपर्यंत मूर्ती पाण्यात बुडवून ठेवायच्या आणि माणूस बरा झाला की बाहेर काढून साग्रसंगीत पूजा करायची. बाबा गेले. दिवस झाले, वर्षश्राद्धसुद्धा जवळ आलं, तरी देव पितळेच्या पातेल्यात पाण्याखालीच. आई माझ्याकडेच राहत होती, पण जेवण नावाला आणि बोलणं त्याहून कमी. निपाणीचे काका आले आणि त्यांना ते पातेलं बघवेना. त्यांनी आपणहून देव काढले, पुसले, देव्हाऱ्यात मांडले. सकाळी बघतो तर देव पुन्हा पाण्यात आणि आईचं तोंड भिंतीकडे. काका हात जोडून परत गेले. माझी आई अशीच विझून जाणार, या भीतीने मला कामात काही सुचेना.

मी अक्कांना वर बोलावलं. मला वाटलं, आता या एखादं ठेवणीतलं वाक्य काढणार. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "वहिनी, पाणी कोण बदलतं?"

"मीच. रोज," आई म्हणाली.

"मग पूजा चालूच आहे की तुमची."

आईने कितीतरी दिवसांनी मान वर करून कुणाकडे तरी नीट पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून अक्का दुपारी वर यायला लागल्या. हिवाळा होता, बाजारात अवरेकाळूचे ढीग. आपल्या पावट्याचाच हा भाऊ; दाणे भिजवून, चिमटीत दाबून साल काढत बसायचं. पातेल्यासमोर दोघी जणी तेच करत बसायच्या. मला वाटे, हे काय समुपदेशन? ही तर उसळीची तयारी.

एका दुपारी मी घरूनच काम करत होते. मीटिंग संपली होती, पण हेडफोन कानावर तसाच. आई दाणे सोलता सोलता म्हणाली, "मी देव लवकर काढले हो, अक्का."

मी हेडफोन न काढता ऐकत राहिले. बाबांनी जायच्या आदल्या संध्याकाळी चमचाभर पेज घेतली होती, आईकडे बघून हसले होते. आईला वाटलं, संकट टळलं. बाबा घरी यायची वाट न बघता तिने घरी येऊन देव काढले आणि दिवा लावला. पहाटे बाबा गेले. ती लगेच उठली आणि देव परत पाण्यात घातले. आम्हाला वाटत होतं, ती देवावर रुसली आहे. ती तर स्वतःला गुन्हेगार समजत होती, एकटीच, इतके महिने.

अक्का "तुमचा काही दोष नाही" असं म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "देव काढले तेव्हा मनात काय होतं?"

"आनंद."

"मग बायको आनंदली म्हणून नवरा नेणारा, असा आहे का हो तुमचा देव?"

आई ताडकन म्हणाली, "माझ्या देवाला असं काही बोलू नका!" आणि मग स्वतःच्याच बोलण्याने दचकली. अक्कांनी मूठभर दाणे तिच्यापुढे सरकवले.

नंतर अक्का म्हणाल्या, "देवाचं तुम्हाला कळलं, तो तसा नाही. शरीराचं मला कळत नाही, ते डॉक्टरांना विचारू." आणि खरंच आईला घेऊन गेल्या. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की जंतुसंसर्ग आदल्या दिवसापासूनच रक्तात पसरला होता. आईने ते ऐकून घेतलं. अक्कांच्या ओळखीच्या मनोविकारतज्ज्ञांनी दिलेली गोळीही कुरकुर न करता घ्यायला लागली. आणि एका साध्याशा सकाळी, सण ना वार, तिने देव बाहेर काढले. मी विचारायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "चहा गार होतोय तुझा."

त्यानंतर काही महिन्यांतच अक्कांचं हृदय दुखणं काढून बसलं. आम्ही इस्पितळात गेलो. मला तिथेही राहवलं नाही. "अक्का, भीती वाटते?" "वाटते की गं. जप करते. हात थरथरले की श्वास सावकाश सोडते, मुलांना शिकवायचे तसा. दोन्ही चालू आहे." आईने पदराशी चाळा करत विचारलं, "घालू का देव पाण्यात?" अक्का हसल्या. "घालायचे तर घाला, वहिनी. पण मग तुम्ही पातेल्यापाशी बसणार. माझ्याजवळ कोण बसेल?"

आई त्यांच्याजवळ बसली. रोज जायची, हात हातात घेऊन. देव देव्हाऱ्यातच राहिले. आणि तरीही अक्का गेल्या.

स्मशानातून परतताना मला अक्कांचं दुःखसुद्धा धड करता येत नव्हतं. डोक्यात एकच, या वेळी तर आईने देव पाण्यात घातलेच नव्हते. आता ती स्वतःला काय काय म्हणेल? दार उघडलं आणि मी चपला न काढताच आत धावले. देव जागेवर होते. समोर समई तेवत होती. आई जमिनीवर बसून मोठमोठ्याने रडत होती. बाबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

मला बघून म्हणाली, "गेल्या गं अक्का. हृदयच थकलं होतं त्यांचं, कुणी काय करणार?" मी तिच्याजवळ बसले. ती थोडा वेळ हुंदके देत राहिली. मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "तुझ्या बाबांचंही दुखणंच मोठं होतं गं. माझ्यामुळे नाही गेले ते."

"नाही गं आई, नाही," मी म्हटलं, आणि मग आम्ही दोघी एकमेकींना धरून बाबांसाठी रडलो.