नाम्याचा अर्धा हात

काल संध्याकाळी नाम्यानं मला हात केला. मी हसलो आणि गाडी काढली.

आज सकाळी त्याला स्मशानात पोचवून आलो.

डोकंच चालत नाही. छत्तीस वर्षांचा माणूस होता राव!

कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये मी लेथवर, नाम्या पत्रा दाबायच्या प्रेसवर. मूळचा विट्याकडचा. लय भित्रा.

रजा पाहिजे असली तरी मला पुढं घालायचा. "तूच सांग की गड्या सायबाला. माझी जीभ रेटत न्हाई."

तीन वर्षांपूर्वी खंडेनवमीला, मशिनांची पूजा झाल्यावर दाखवायला, मी मोबाईलवर मुकी कॉमेडी फिल्म काढली. हिरो नाम्या.

मुकी का? तर हे येडं कॅमेऱ्यापुढं तोंडच उघडेना!

"बोलू नको बाबा, नुसता हात कर," म्हटलं.

स्टोरी साधी. फोरमन रोज एका भित्र्या कामगाराच्या डब्यातली भाकरी पळवतो. हा 'थांबा' म्हणायला हात उचलतो, छातीपर्यंत नेतो, आणि घाबरून केस विंचरतो. शेवटच्या सीनला हात पूर्ण वर जातो. फोरमन दचकून भाकरी परत ठेवतो.

फोरमनचं काम आमच्या खऱ्या फोरमननंच केलं.

बेडशीटच्या पडद्यावर दाखवली. काय शिट्ट्या पडल्या! नाम्या लाजून मशीनमागं जाऊन बसला.

पण पुढच्याच आठवड्यात मीटिंगमध्ये त्याचा हात वर गेला. पूर्ण.

"सायेब, प्रेसला जाळीचा गार्ड बसवल्याबिगर मी मशीन चालू करणार न्हाई."

आम्ही सगळे गार. गार्ड बसला. प्रेसवरच्या पोरांची बोटं आज जागेवर आहेत ती त्याच्यामुळं.

तेव्हापासून सुट्टी झाली की गेटवर आमचा रोजचा सलाम ठरलेला. हात पूर्ण वर.

काल साडेपाचला तो गेटच्या भिंतीला टेकून उभा होता. हात छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला.

मला वाटलं, पहिला सीन करतोय.

"काय रं हिरो, परत भ्यालास व्हय?" मी ओरडलो. मी पण अर्धा हात केला, केस विंचरले आणि निघालो.

तो हसला हो. शप्पथ, हसला.

वॉचमनमामा सांगत होते, "तुमी वळलासा आन् त्यो खालीच बसला." हार्ट अटॅक. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

आज त्याच्या बायकोनं, सुनीतावहिनींनी, विचारलं, "भावजी, ह्यांनी तुमास्नी शेवटचं काय सांगितलं का?"

"हात केला, वहिनी. हसत."

एवढंच बोललो. पुढचं सांगायला माझी जीभ रेटली नाही.

म्हणून इथं लिहितोय. वहिनी, तुम्ही हे वाचाल. वाचा आणि मला काय बोलायचं ते बोला.

त्यानं मला 'थांब' म्हटलं होतं. मी थांबलो नाही.

नाम्या, माफ कर गड्या.

हा बघ, हात पूर्ण वर केलाय. जा आता.