नवाबाची शिकवणी

कोणतीही वस्तू घरात आणण्याआधी तिच्या खानदानाची चौकशी करावी, ती आधीपासून ज्यांच्याकडे आहे त्यांच्या घरी जाऊन चहा प्यावा, तिचा स्वभाव नीट कळेपर्यंत दम धरावा आणि एवढं करूनही शेवटी "बघू फुडल्या साली" म्हणून मोकळ्या हातानं परत यावं, असा माणूस मराठवाड्यात दुसरा झाला नाही. बाकीच्या महाराष्ट्रात झाला असेल असंही मला वाटत नाही. हे माझे मामेसासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले मामा. मूळचे देवगाव रंगारीचे, शेतकरी घरातले. महसूल खात्यात गिरदावर होते. शेतं, बांध आणि विहिरी पाहत गावोगाव फिरण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्या नोकरीनं त्यांना पेन्शन दिली आणि ‘मुआयना’, म्हणजे जागेवर जाऊन पाहणी, हा शब्द दिला. पेन्शन मामींच्या हाती जायची, मुआयना मामांकडे राहिला. छताचा पंखा घ्यायचा ठरला तेव्हा ते उन्हाळाभर भर दुपारी ओळखीच्यांच्या घरी जात आणि "जरा पडू का?" असं विचारून त्यांच्या पंख्याखाली आडवे होत. कोणता पंखा अंगाला वारा देतो आणि कोणता नुसता आवाज करतो, याची खात्री पटेपर्यंत स्वेटर बाहेर निघाले होते. मामी म्हणाल्या, "मला बघाया आला व्हता तवा एकदाच पोहे खाऊन व्हय म्हणाला हा माणूस. कसं काय, देवाला ठावं."

निवृत्त झाल्यावर मामांनी शहरात, गारखेड्यात, घर बांधलं, आणि आम्ही त्यांच्या मागच्या गल्लीत राहायला आलो. मी सांगलीकडची, लग्न होऊन नवीनच आलेली. तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणत. मामांच्या बोलण्यात मधेच येणारे ‘तसल्ली’, ‘फुरसत’ असे शब्द माझ्या कानात अजून रुळायचे होते. अशात एका सकाळी त्यांनी जाहीर केलं, की घरात पोपट पाळायचा. आपल्याकडचा झाडावरचा हिरवा पोपट पाळायला सरकारची बंदी होती, आणि मामांना ती मान्यही होती. "त्यो आपल्याच रानातला. त्याचा काय गुन्हा, त्याला कोंडायला?" असं त्यांचं म्हणणं. परदेशी जातीचे छोटे पोपट पिंजऱ्यातच जन्मतात, त्यांना रान माहीतच नसतं, म्हणून त्यांतला एक आणायचा. फक्त कोणता, एवढंच ठरवायचं होतं. हे ऐकून मामींनी हात जोडले.

मुआयना सुरू झाला तो गजबजलेल्या रस्त्यावरच्या एका शिंप्यापासून. त्याच्याकडे बजी होता, मुठीत मावेल एवढा, निळा, नाकाशीही निळाच. तो बोलतो अशी ख्याती होती. मामा जुना शर्ट उसवून घ्यायच्या निमित्तानं तिथं गेले, मला बरोबर घेऊन. बजी खरंच बोलत होता. शिंपी गिऱ्हाइकाला जे जे म्हणायचा ते सगळं त्याला येत होतं, पण इतक्या भरभर, की बाही कुठं संपते आणि कॉलर कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. मामा पिंजऱ्याला कान लावून बराच वेळ उभे राहिले आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "बोलतो झकास, पण अक्षर लई खराब." शिंप्याला त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: हा शीळ घालतो का? शिंपी म्हणाला, बोलणारा पक्षी असताना शीळ कशाला हवी. मामांनी मान हलवली आणि शर्ट तसाच परत घेतला.

मग एका बँकवाल्या साहेबांकडे लव्हबर्डची जोडी होती, आखूड शेपटीची, पिकल्या आंब्यासारख्या तोंडाची. त्यांच्याकडे आम्ही गेलो तेव्हा मादी वर्तमानपत्राच्या बारीक पट्ट्या फाडून पाठीमागच्या पिसांत खोचत होती आणि नर कर्कश ओरडून तिला शाबासकी देत होता. साहेबांनी हौसेनं जोडी बाहेर सोडली. नर मामांच्या खांद्यावर बसला, त्यांच्या कानाची पाळी चावून पाहिली आणि पसंत न पडल्यामुळे परत बायकोकडे गेला. मामांनी रुमाल कानाला लावून तोच प्रश्न विचारला. साहेब म्हणाले, शीळ नाही, पण प्रेम बघा किती आहे. परत येताना मामा म्हणाले, "त्यांचं त्यांचं बरं चाललंय, पोरी. आपण मधी कशाला जायचं?"

ही शिळेची भानगड काय, असं मी नवऱ्याला विचारलं. त्याला माहीत नव्हतं. मामींनाही नव्हतं. मामा कधी गाणं गुणगुणत नसत, रेडिओवर फक्त बातम्या ऐकत. म्हातारपणचं खूळ, म्हणून आम्ही सोडून दिलं.

पुढे गारखेड्यातल्याच एका डॉक्टरांनी दवाखान्यात कॉकाटील जातीचा पोपट ठेवला. राखाडी अंग, पिवळं तोंड, गालावर शेंदरी टिकली आणि डोक्यावर तुरा. तो डॉक्टरांच्या दारावरच्या घंटीची धून हुबेहूब शिळेत वाजवायचा, आणि आतल्या नर्सबाई दर वेळी दार उघडायला यायच्या. मामा खोकला घेऊन तिथं गेले, तो बरा झाल्यावर पाठदुखी घेऊन गेले, आणि शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, की नुसतं बसायला आलात तरी चालेल, गोळ्या वाया जातात. त्या रात्री मामांची जेवताना भाकरी हातात तशीच राहिली. दुसऱ्या सकाळी, ज्या माणसाला छत्री घ्यायला दोन पावसाळे लागले होते तो माणूस शहागंजच्या बाजारात जाऊन संध्याकाळच्या आत कॉकाटीलचं पिल्लू घेऊन आला. पक्षीवाल्यानं त्याच्या बोलीत ‘कॉकटेल’ असं नाव सांगितलं होतं, आणि तेच मामांनी दारात उभं राहून सांगितलं. मामींनी कपाळाला हात लावला. "गळ्यात माळ हाय तुमच्या, अन् घरात कॉकटेल आणता व्हय?" पण पिल्लानं तुरा उभा करून मामींकडे असं काही पाहिलं, की त्या राळ्याची वाटी घेऊनच बाहेर आल्या. तुऱ्यामुळे मामांनी त्याचं नाव नवाब ठेवलं.

तीन-चार दिवसांनी मी लोणच्याची बरणी द्यायला गेले. दार उघडंच होतं. मामा पिंजऱ्यासमोर खुर्ची ओढून बसले होते, ओठांचा चंबू केलेला, गाल फुगवलेले, आणि तोंडातून नुसती हवा निघत होती. दात केव्हाच गेले होते, आणि कवळी शिळेला साथ देत नव्हती. त्यांनी कवळी काढून पाहिली, मग परत बसवून पाहिली. नवाब एवढंसं तोंड करून त्यांच्याकडे बघत होता. मला हसू आलं, पण मामांनी मान वळवली तेव्हा त्यांचे डोळे पाहून ते तिथंच थांबलं. मी बरणी खाली ठेवली. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "तुला येती का गं शीळ?"

येत होती. भावांबरोबर वाढलेली मी, मळ्याच्या या टोकाहून त्या टोकाला शीळ पोचवायची. लग्न झाल्यावर सोडून दिली होती, सुनेनं काय शीळ घालायची म्हणून. मी हो म्हटल्यावर मामांनी हळू आवाजात एक धून गुणगुणून दाखवली: दोन आखूड सूर, एक लांबट चढत जाणारा, आणि शेवटी एक अर्धवट सोडलेला, कुणीतरी पुढचं पूर्ण करावं असा. मी ती वाजवली. मामा म्हणाले, शेवटचा सूर अजून जरा खाली. मी परत वाजवली. मग ते जे बोलले ते मामींनाही चाळीस-पंचेचाळीस वर्षांत सांगितलेलं नव्हतं.

शाळेसाठी त्यांना लहानपणी देवगावहून शहरात आणलं होतं, गुलमंडीजवळ एका चुलत्यांकडे. निजामाचं राज्य होतं, शाळा उर्दूतून. खेड्यातल्या पोराला उर्दूचा एक हरफ येत नव्हता. बाकावर शेजारी बसणारा मुलगा त्याला अक्षर गिरवून दाखवायचा, आणि बदल्यात मामा त्याला हुरडा आणि बोरं आणून द्यायचा. तो मुलगा रोज सकाळी गल्लीत उभा राहून ही शीळ घालायचा. मामा वरून ओरडायचे, "आरौं." म्हणजे येतोय. मामा उतरेपर्यंत तो थांबायचा, आणि मग दोघं मिळून शाळेत. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि शहरात कोण कुणाला घाबरतंय तेच कळेनासं झालं. चुलत्यांनी दाराला कडी घातली आणि पोरांना खिडकीशीही जाऊ देईनात. पलीकडे त्या मुलाच्या मोहल्ल्यातही दारं अशीच बंद होती. अशातच एका सकाळी शीळ आली. मामा उठले तर चुलत्यांनी हात धरला आणि ओठांवर बोट ठेवलं. शीळ परत आली, मग आणखी एकदा, जरा लांबून. मग टांग्याची चाकं वाजली. ते कुटुंब हैदराबादला गेलं असं नंतर कुणीतरी सांगितलं, तिथून पुढं कुठं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

"त्याला वाटलं असंल, मी घरातच व्हतो अन् वो दिली नाय," मामा म्हणाले. "अन् ते खरंच हाय की."

दुसऱ्या दिवसापासून मी नवाबाची शिकवणी धरली. दुपारची भांडी आवरली की मी मामांकडे जायची, पिंजऱ्यासमोर बसायची आणि शीळ घालायची. नवाब मान तिरपी करून ऐकायचा, तुरा वर-खाली करायचा, खांद्यावर येऊन माझं कानातलं ओढायचा. तोंडातून मात्र चकार शब्द नाही. मामी म्हणायच्या, यापेक्षा आमच्या कुकरची शिट्टी बरी, वेळेवर तरी होते. मामा शिकवणीच्या वेळी कधी समोर बसत नसत. ते आतल्या खोलीत, पडद्यामागं आरामखुर्चीत असायचे. पक्ष्याचं लक्ष चाळवू नये म्हणून, असं मी धरून चालले होते. असे पुष्कळ महिने गेले. माझी शीळ सुधारली, शेवटचा सूर नेमका हवा तिथं उतरायला लागला. गल्लीतल्या बायका माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघू लागल्या. नवाब गप्पच.

मग मामींच्या गुडघ्यासाठी ते डॉक्टर घरी आले. मामा तेव्हा पेन्शनच्या कामाला बाहेर गेले होते. डॉक्टरांनी पिंजऱ्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, ही तर मादी आहे. नर असता तर एव्हाना तोंड पिवळं धमक झालं असतं. पिल्लं सगळी सारखीच दिसतात, पक्षीवाल्यालाही कळलं नसेल. कॉकाटीलच्या माद्या सहसा शीळ घालत नाहीत, शिकवून काही उपयोग व्हायचा नाही. पाहिजे तर बदलून आणा.

मला फार वाईट वाटलं. दोन दिवस मी तिकडे गेलेच नाही. हे मामांना कोणत्या तोंडानं सांगायचं तेच सुचेना. तिसऱ्या दिवशी दुपारी मामाच आमच्या दारात उभे. बरं नाही का, असं विचारलं त्यांनी. मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं आणि सांगून टाकलं, की मामा, नवाब मादी आहे, ती कधीच शिकणार नाही.

मामांनी पाणी संपवलं, भांडं नीट खाली ठेवलं. "ठावं हाय मला," ते म्हणाले. "दसऱ्यापासनं."

आणि मग माझ्या लक्षात आलं, की कितीतरी दिवस ते ‘नवाब जेवली का’, ‘नवाब आज रुसली’ असंच म्हणत होते, आणि मी ते त्यांच्या दखनी उर्दू मिसळलेल्या बोलीवर ढकलत होते. मी विचारलं, मग सांगितलं का नाही.

"सांगितलं असतं, तर तू आली असतीस व्हय रोज?"

मामा उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, की आता संसारी बाईला रोज तकलीफ देणं बरं दिसत नाही, शिकवणी पुरे. पक्षी बदलायचं त्यांनी नावही काढलं नाही. नवाब एव्हाना रोज सकाळी त्यांच्या खांद्यावर बसून त्यांच्याबरोबर पेपर वाचत होती आणि मामींच्या हातची कोथिंबीर खात होती. मामा म्हणाले, "तिचा काय दोष? तिनं कुठं कबूल केलं व्हतं गाणार म्हणून."

त्या आठवड्यातच कधीतरी मी सकाळी भाजी घेऊन येत होते. नेहमी मी मागच्या रस्त्यानं जायची, त्या दिवशी मामांच्या घरावरून आले. गल्लीत कुणी नव्हतं. वरच्या गॅलरीत मामांचं धोतर वाळत होतं. मी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, इकडंतिकडं पाहिलं आणि खाली उभी राहून शीळ घातली: दोन आखूड, एक लांबट, आणि तो शेवटचा.

मग वरून आवाज आला. मामांचाच, पण इतका कोवळा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"आरौं."

जिन्यावर पावलं वाजली, भरभर, या वयात वाजू नयेत अशी. फाटक उघडून मामा बाहेर आले. पायांत एकच चप्पल होती. त्यांनी मला पाहिलं, मान हलवली, आणि मग माझ्या मागे, गल्लीच्या पार टोकापर्यंत नजर टाकली. मीही वळून तिकडेच पाहिलं. ऊन नुकतंच रस्त्यावर आलं होतं. एक दूधवाला सायकल हातात धरून कोपऱ्यावरून वळला आणि दिसेनासा झाला. मग मामांनी माझ्या हातातून पिशवी घेतली, मेथीची जुडी वर काढून पाहिली आणि म्हणाले, "ताजी हाय. चल, च्या घेऊन जा."