वहिनींचा खालचा सूर

कारखान्यातून वायरमन म्हणून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली ‘अर्थिंगकाका’ म्हणे. हे नाव त्यांनी स्वतःच्या करणीनं कमावलं होतं. कुणी जेवायला बोलावलं तरी हात धुवायच्या आधी ते मिक्सरचा प्लग उपसून तिसरी पिन बघत. ‘जिथं धातू तिथं अर्थिंग’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पस्तीस वर्षांत त्यांच्या खात्यात कुणाला साधा झटका बसला नव्हता, त्यामुळे त्या वाक्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

या काकांनी एक डबा करायला घेतला. रेकॉर्डवरून फिरणाऱ्या सुईतून निघणारी वीज म्हणजे मुंगीचं पाऊल. ते मोठं करून दिल्याशिवाय स्पीकरपर्यंत पोचत नाही. हे काम करणारा डबा म्हणजे प्रीअँप्लिफायर. तो विकत मिळतो; पण विकतच आणायचा तर हे दोन हात कशाला दिलेत, असं काकांचं म्हणणं.

डब्याचं कारण मात्र वहिनी होत्या. काकांची ही थोरली भावजय एकोणीस वर्षांची असताना एका रेकॉर्डवर गायली होती. एकच रेकॉर्ड, एकच गाणं. गाण्याच्या शेवटी आपण अगदी खालच्या सुरावर उतरलो होतो, असं त्या सांगत. पण घरातल्या जुन्या यंत्रावर नेमकी त्याच जागी नुसती घरघर ऐकू येई. आणि त्यांचे यजमान, म्हणजे काकांचे दादा, पन्नास वर्षं तोच विनोद करत: “सूर कसला? हिनं तो गिळला!”

वहिनी हसायच्या. अलीकडे हसायच्या थांबल्या होत्या. कान मंदावत चालले होते आणि येत्या सोमवारी दोघं कायमची लेकीकडे राहायला निघाली होती.

“भावजी, एकदा तेवढं नीट ऐकवा,” त्या म्हणाल्या. “आता मलाच वाटायला लागलंय, खरंच गिळला की काय.”

“रविवारी सकाळी या,” काका म्हणाले. “ऐकवल्याशिवाय सोडत नाही.”

बुधवारी डबा तयार झाला. चालू केला आणि खोलीत भुंगा शिरला. काकू दारात येऊन म्हणाल्या, “पिठाची गिरणी काढलीत का?”

काकांनी ट्रान्सफॉर्मर डब्यातून काढून हातभर लांब वेगळ्या पेटीत ठेवला. भुंगा निम्मा झाला. तारांना वेणीसारखा पीळ घातला, तेव्हा आणखी जरा उतरला. मग त्यांनी हुकमाचं पान काढलं. आतलं सर्किट चारही कोपऱ्यांत डब्याला जोडलं, रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्राला हिरवी तार लावून ती थेट भिंतीतल्या अर्थिंगला नेली. भुंगा वाढला. काकांनी आणखी एक तार जोडली. भुंग्याला चेव आला.

शुक्रवारी त्यांनी एक कपॅसिटर काढून लहान बसवला. त्यानं खालचे सूर अडवले आणि त्यांच्याबरोबर भुंगाही. खोली चिडीचूप.

“झालं की हो!” काकू म्हणाल्या.

काकांनी वहिनींची रेकॉर्ड लावली. आवाज काचेसारखा. शेवटी तो एकेक पायरी खाली उतरला आणि अखेरच्या पायरीवर नाहीसाच झाला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणावं, तर खोकल्याबरोबर घसाही गेला होता! हे ऐकवणं म्हणजे दादांचा विनोद आपल्या हातानं खरा करून देणं. काकांनी मुकाट्यानं जुना कपॅसिटर परत बसवला.

शनिवारी सकाळी ते हिरवी तार बदलून जाड तार लावायला बसले. शेजारी काकू भाजी निवडत होत्या.

“आत्ता कमी झालं होतं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“तुमचा भुंगा. ती तार हातात धरलीत ना, तेव्हा.”

“अगं, अर्थिंग काढल्यावर कमी? मग पस्तीस वर्षं मी काय केलं?”

“ते मला काय ठाऊक? ऐकलं ते सांगितलं.”

काकांनी तार लावली, काढली, पुन्हा लावली. काकूंचं खरं होतं. त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर प्रत्येक तार पेन्सिलनं रेखाटून पाहिली आणि कपाळाला हात लावला. तारा सरळ भिंतीकडे जातच नव्हत्या. एकमेकींना गाठून त्यांनी फेर धरला होता, आणि घरातल्या विजेची गुणगुण त्या फेरात शिरून सुईच्या आवाजात मिसळत होती. कारखान्यातल्या मोटारीला काय त्याचं! इथं गाठ मुंगीच्या पावलाशी होती.

“नियम बरोबर आहे,” ते म्हणाले. “अर्थिंग हवंच. मी ते सहादा केलं, एवढंच.”

सगळ्या तारा त्यांनी डब्यातल्या एका बोल्टवर आणल्या. तिथून भिंतीकडे एकच तार. बटण दाबलं.

“चालू आहे का?” काकूंनी विचारलं.

“आहे.”

“मग?”

“मग काही नाही. ऐक.”

उरलं आवाज जुळवणं. रेकॉर्ड कोरताना खालचे सूर मुद्दाम दाबतात आणि वरचे उचलतात. डब्यानं ते पुन्हा आपापल्या जागी बसवायचे. काकांनी गोष्टी सांगणाऱ्या एका गृहस्थांची रेकॉर्ड लावली, काकूंना दाराआड बसवलं आणि एकेक भाग बदलत गेले.

“याला सर्दी झालीय,” काकू आतून म्हणाल्या. थोड्या वेळानं, “आता नाकात बोलतोय.” चार वाजता म्हणाल्या, “बरा झाला हो! आता असं वाटतंय, उठून पाणी विचारावं.”

काकांनी झाकणाचे स्क्रू आवळले.

रविवारी वहिनी स्पीकरला गुडघे टेकतील इतक्या जवळ बसल्या. दादा खिडकीशी उभे. गाणं उतरत उतरत शेवटच्या पायरीशी आलं, आणि तिच्याखाली आणखी एक पायरी निघाली. हलका, जरासा थरथरता सूर. पण चांगला दमभर टिकला.

वहिनींनी मान वर केली. “जागेवरून उतरलाय हो थोडा.”

“थोडा उतरलाय,” काका म्हणाले. “पण आहे.”

दादांनी सवयीनं तोंड उघडलं. मग ते मिटून ते खिडकीपासून वहिनींजवळ आले.

“गायलीस तू,” ते म्हणाले. “पन्नास वर्षं मी उगाच...”

“मला नका सांगू, मला ठाऊकच होतं,” वहिनी म्हणाल्या. “उद्या लेकीला सांगा. तुमचा तो विनोद ऐकतच ती मोठी झालीय. आणि जावयांच्या देखत सांगा.”