गाव कुठलं?

रक्त तपासायचं म्हणून हॉस्पिटलात नंबर लावून बसलो होतो. समोरच्या बाकावर नर्सच्या नोकरीच्या मुलाखतीला आलेल्या मुली होत्या. कडेची एकजण ओठांतल्या ओठांत उत्तरं घोकत होती आणि मांडीवरची फाईल तिच्या हातांसकट थरथरत होती.

माझ्या शेजारच्या आजींनी सुईच्या धास्तीनं पदर तोंडाला लावला होता. त्या मुलीनं ते पाहिलं. फाईल बाकावर ठेवून ती उठली, आजींचा हात हातात घेऊन म्हणाली, "आजी, माझ्याकडं बघा. गाव कुठलं तुमचं?" आजी गाव, नदी, म्हैस असं सगळं सांगत सुटल्या. मुलीचा हात आता अगदी स्थिर होता.

बुजरेपण म्हणजे स्वतःवरच खिळलेली नजर असावी. दुसऱ्याचं भय दिसलं की ती आपोआप वळते.

तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं. तिचा चेहरा पुन्हा उतरला. आजी म्हणाल्या, "भिऊ नगं. आत कुणी लई रोखून बघाय लागलं, तर त्येलाच गाव इचार."

ती हसली आणि हसतच आत गेली.

मग माझा नंबर आला. सुई हातात घेतलेल्या नर्सला मी घाईघाईनं विचारलं, "सिस्टर, गाव कुठलं तुमचं?"